आतला, बाहेरचा

मकरपुऱ्याहून केयूरची फाइल येते,
हॉस्पिटलची, छप्पन्न पानं, झिप केलेली,
खाली एवढंच: सोमवारे सवारे जोईशे, बेन.
मी दांडिया बाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
कुकरच्या शिट्ट्या मोजत
नियमांची यादी उघडून बसते.

अनुवादाच्या सॉफ्टवेअरला पान वाचता येत नाही.
त्याला सांगावं लागतं:
हा परिच्छेद, इथे थांब.
हा मथळा, हाही घे.
ही स्क्रिप्ट, हिला हात लावू नकोस,
लावलास तर अपॉइंटमेंटचं बटण मरेल.
चित्रामागे लपवलेलं वर्णन विसरू नकोस,
ज्याला दिसत नाही त्याचं चित्र तेवढंच.
फोन नंबरांना कुलूप. औषधांच्या नावांना कुलूप.
आणि 'डॉ.' पुढचं टिंब म्हणजे वाक्याचा शेवट नव्हे,
हेसुद्धा लिहून द्यावं लागतं,
नाहीतर डॉक्टरांचं मुंडकं एका ओळीत
आणि धड दुसऱ्या.

मग टॅगांची पाळी.
प्रत्येकासमोर दोनच पर्याय: आतला, बाहेरचा.
आतला वाक्याच्या पोटात राहतो, वाक्य जाईल तिकडे जातो.
बाहेरचा आला की वाक्य तुटलं.
ठळक अक्षर, आतला.
दुवा, आतला.
तक्त्याचा खण, बाहेरचा.
शेवटी राहिला स्पॅन,
स्वतःचा काही अर्थ नसलेला,
जो जे नेसवेल ते नेसणारा.
तिसरी शिट्टी झाली.
मी उठता उठता टिचकी मारली:
बाहेरचा.

शनिवारी दुपारी रावपुऱ्यातून वृंदाताई इंगवल्यांचा फोन.
टॅगांना त्या जांभळे खिळे म्हणतात,
नियमबियम त्यांना ठाऊक नाहीत,
वाक्य मात्र हातात धरून वजन सांगतात.
"अगं, हे काय पाठवलंयस?
एका चौकटीत 'रात्री दहानंतर'.
खालच्या चौकटीत नुसतं 'नाही'.
त्याच्या खाली 'पाणी प्या'.
भरायला काय, मी भरीन.
पण वाचणाऱ्याने काय करायचं?"

इंग्रजीत तो नकार ओळीच्या मधोमध उभा होता,
लाल रंगात, स्पॅन नेसून.
मीच त्याला उचलून
उंबऱ्याबाहेर ठेवला होता.

वाघोडियाकडचा कुणी माणूस डोळ्यासमोर आला,
ऑपरेशनच्या आदल्या रात्री
मोबाइल लांब धरून, ओठ हलवत वाचणारा.
पाणी प्या.
बायकोला म्हणेल, दे गं तांब्या.

एका रकान्यातली एक खूण बदलायची होती.
बदलली. छप्पन्न पानं पुन्हा आत ओतली.
झालेलं काम जुळेल तिथे जुळलं,
उरलेल्या त्रेसष्ट चौकटी वृंदाताईंनी
न बोलता परत केल्या.
खिळे त्यांनी उपटून हलवले होते,
कारण आपल्या नकाराला
शेवटी बसायची सवय:
रात्री दहानंतर पाणी पिऊ नका.
'नका'च्या अलीकडे एक जांभळा खिळा, पलीकडे एक.
लाल रंग चालत चालत
पूर्णविरामापाशी येऊन थांबला.

"आता बरोबर आहे ने?"
त्यांचं ते 'ने'.
पुण्याची तपासनीस प्रत्येक वेळी त्याच्यावर काट मारते,
समासात लिहिते: अनावश्यक, गुजराती वळण.
त्याला खरंच काही अर्थ नाही.
ते काढलं की वृंदाताई
फोनवर कुणी दुसरीच बाई वाटतात.
माझ्या यादीत त्याच्यासाठी रकाना नाही
आणि मला कुणी विचारलेलंही नाही.
"आहे ने," मी म्हटलं.

रविवारी फाइल गेली. केयूरने अंगठा पाठवला.
मी लॅपटॉप मिटला, घड्याळ बघितलं,
पावणेदहा.
स्वयंपाकघरात जाऊन
उभ्या उभ्या पेलाभर पाणी प्यायले,
तहान नसताना.